आपली पत आणि तिची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसबाईंनी केली आणि विषय मात्र माझ्यावर सोपवला. अशा प्रसंगी स्त्रीशिक्षण, आरोग्य, मुलांचे संगोपन यांवर बोलावयाची रीत आहे. ते विषय मोठेच आहेत. पण गेल्या वर्षभरात आपल्यापैकी निदान पाच-सहाजणींनी मला वाटेत थांबवून एकच गोष्ट विचारली आहे : 'बाई, बँकेत गेले होते. सिबिल नाही म्हणतात. ते काय असते, आणि ते कोठे मिळते?' तेव्हा आज त्याच प्रश्नाचे उत्तर मला समजते तसे द्यावे असे मी ठरवले.

पत हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यातला आहे. 'त्याची बाजारात पत आहे', 'पत सांभाळून राहावे', 'पत गेली ती गेली', असे आपण म्हणतो. पैसा आणि अब्रू या दोन्ही गोष्टी या दोन अक्षरांत मावतात. पूर्वी गावचा दुकानदार मीठ, तेल, चहापत्ती उधार देई ती भाताच्या झोडणीपर्यंत. हे कोणाचे घर, शेत किती, कोण शब्दाला जागणारे, हे सगळे त्याला तोंडपाठ असे. त्याला आपला कागद लागत नसे. मात्र त्याच्यापाशी एक वही असे. नेले ते तो लिही, दिले तेही तोच लिही, आणि ती वही आपल्याला वाचता येत नसे. माझ्या आजच्या भाषणाचा सारा गाभा एवढाच आहे : आपली पत ज्या वहीत लिहिली जाते ती आपल्याला पाहता आली पाहिजे, वाचता आली पाहिजे, आणि तिच्यात चूक असेल तर ती दुरुस्त करून घेता आली पाहिजे.

ही मागणी आजची नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि पाहता पाहता ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खते आणि हुकूमनामे हाती घ्यावयाचे आणि जाळून टाकावयाचे. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे ज्याला कळत नाही, त्याला तो कागद जाळण्यावाचून दुसरा उपाय सुचला नाही, यात नवल ते काय?

सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सुरुवातीस तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले की नुसत्या खतावर विसंबू नका, व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब उकलून पाहा. शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची पावती, मागेल तर वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मिळण्याचा हक्क त्यात दिला. म्हणजे सावकाराची वही उघडण्याची सक्ती आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी झाली. त्याहीपूर्वी जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होताच. व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानेही तो कायम ठेवला. कर्ज देणाऱ्यावर काही बंधन असावे हा विचार आपल्या मातीत जुनाच आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्याची हकीकत याहून कठीण. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये काढावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने मालकाच्या घरी राबावयाचे, याला 'लग्नगडी' म्हणत. ते कधी फिटत नसत, कारण किती राबलो आणि त्याचे किती वळते झाले हे लिहिणारा मालकच. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूस, वारल्यांना संघटित केले आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही चाली मोडून काढल्या. त्या वर्षाच्या आरंभी किसान सभेची परिषद आपल्या जवळच्या टिटवाळ्यास भरली होती आणि तेथे वारली बांधव आले होते. पुढे १९७६ साली वेठबिगार बंदीचा कायदा सगळ्या देशाला लागू झाला. तरीही दिवाळी उलटली की आपल्या पाड्यांवरची काही घरे बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि पावसाच्या तोंडाशी परत येताना हिशेब काय झाला असे विचारले तर 'शेठला ठाऊक' असे उत्तर मिळते. ज्याची वही त्याची सत्ता, हे अजून संपलेले नाही.

आता नव्या वहीकडे वळू.

बँकांनी आपसांत कर्जदारांची माहिती ठेवावी म्हणून २००० साली मुंबईस सिबिल नावाची कंपनी निघाली. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला. आज अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावे, तसे आपण या साऱ्यांनाच सिबिल म्हणतो. बँका, पतपुरवठा कंपन्या आणि बचत गटांच्या मागे धावणाऱ्या लहान कर्जांच्या संस्था आपल्या कर्जदारांची माहिती या चौघींना कळवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जाई. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरा दिवसांनी गेलीच पाहिजे असा दंडक आला. बचत गटाच्या कर्जातील सभासदवार माहितीही कळवावी असे रिझर्व्ह बँकेने २०१६ सालीच सांगितले आहे. भातसा-तानसाचे पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईस जाते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या हप्त्यांची नोंदही तशीच मुंबईस जाते, हे मात्र फार थोड्या जणींना ठाऊक आहे.

या नोंदीवरून एक आकडा काढतात. तो ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. हप्ते वेळेवर भरले की आकडा चढतो, चुकले की उतरतो. एकदम अनेक कर्जे असली, किंवा थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज केले, तरी तो उतरतो. आपल्या बचत खात्यातील शिल्लक, अंगावरचे दागिने, यजमानांचा पगार, आपली जात वा धर्म यांचा त्या आकड्यात हिशेब नसतो. आणि जिने कधी कर्जच घेतले नाही तिच्या नावे आकडाच नसतो. वहीत तिचे पानच उघडलेले नसते. 'सिबिल नाही' असे जे आपल्याला सांगतात, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. तो काही आपल्या अब्रूवरचा डाग नव्हे.

कोणी म्हणेल, मग ही आकड्याची कटकट हवीच कशाला? मला तसे वाटत नाही. या नव्या रीतीत स्त्रियांच्या दृष्टीने एक मोठी सोय आहे, आणि तिचे मोल कळावयाचे तर पूर्वी काय होते ते आठवावे लागेल. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे, घरपट्टी त्यांच्या नावे. तारण ठेवावयास बाईजवळ तिचे असे काय होते? हे आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा मिळवत्या स्त्रीला कर्ज हवे तर नवऱ्याची सही आणा म्हणत. १९७४ साली तेथे समान पतसंधीचा कायदा झाला, तेव्हा स्त्री म्हणून किंवा विवाहित-अविवाहित म्हणून कर्ज नाकारणे बेकायदा ठरले. कर्ज का नाकारले त्याचे कारण मागण्याचा हक्कही त्या कायद्याच्या आधारे लोकांना मिळाला.

आपल्या महाराष्ट्रातील बायका तर कायद्याची वाट पाहत बसल्या नाहीत. १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या या बायका वाण्याच्या उधारीत बुडालेल्या होत्या. एकमेकींना जामीन राहून त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवले. पुढे सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने गावच्या बायकांनी स्वतःची बँक काढण्याचे मनावर घेतले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या अक्षरे शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या की हव्या त्या मुद्दलाचे व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना यंत्राशिवाय काढावयास सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अंगठा उठवणारी बाई हिशेबात कच्ची असते, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

म्हणून मी म्हणते, वेळेवर भरलेल्या हप्त्याची नोंद आपल्या स्वतःच्या नावावर होणे ही साधी गोष्ट नाही. बाईच्या नावे जमीन नसेल, पण दहा वर्षे गटाचे हप्ते न चुकवल्याची साक्ष तिच्या नावे असू शकते. ती साक्ष नवऱ्याच्या नावावर चढत नाही, आणि त्याने आपल्या कर्जात घोटाळा केला तर, आपण सहकर्जदार वा जामीन नसू तोवर, तिला डागही लागत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्र्यांनी सरकारी बँकांकडून बचत गटांच्या सभासदांसाठी व खेड्यांतील लोकांसाठी निराळी 'ग्रामीण पतगुणांक' पद्धत बसवण्याची घोषणा केली, तिच्यामागचा विचारही हाच.

पण वही नवी असली तरी जुने धोके तिच्यात शिरतात. त्यांतला पहिला धोका चुकीच्या नोंदीचा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी शेळ्यांसाठी घेतलेले कर्ज शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडले, पावत्या डब्यात जपून ठेवल्या. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी त्या कर्ज मागावयास गेल्या, तर जुने कर्ज थकले आहे म्हणून नकार. कर्ज देणाऱ्या संस्थेने 'फिटले' अशी नोंद वरच पाठवली नव्हती. बाई घरी येऊन रडल्या. त्यांना कर्ज न मिळाल्याचे दुःख कमीच होते. 'मी बुडवी ठरले' हे त्यांना जास्त लागले. डब्यातल्या पावत्या होत्या म्हणून तक्रार लिहिता आली, आणि नोंद दुरुस्त झाली. पावत्या नसत्या तर?

दुसरा धोका आपण आपल्या हाताने ओढवून घेतो. 'वहिनी, तुमच्या नावावर काढा, हप्ते मी भरते.' नात्यातली म्हणते, शेजारीण म्हणते, भिडेपोटी आपण सही करतो. पैसा तिच्याकडे जातो, नोंद आपल्या नावावर राहते. तिचे चार हप्ते चुकले की आपली पत उतरते. जामीन राहिल्याचेही तेच. भीड ही भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणत ते खोटे नाही. मदत करावयाचीच असेल तर हातातले शंभर रुपये द्यावेत, पण नाव उसने देऊ नये.

तिसरा धोका एकावर एक कर्जांचा. सोमवारी एका संस्थेचा हप्ता, बुधवारी दुसरीचा, आणि पहिलीचा भरण्यासाठी तिसरीचे कर्ज. आंध्र प्रदेशात हेच वाढत गेले, कर्जदारांच्या आत्महत्या झाल्या आणि २०१० साली तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. मग मालेगाम समिती बसली आणि रिझर्व्ह बँकेने या संस्थांना नियम घातले. ते नियम २०२२ साली नव्याने लिहिले गेले. हे सारे सांगण्याचे कारण असे की, नियम काही आकाशातून पडत नाहीत. कोणाच्या तरी घरी आकांत झालेला असतो, त्यानंतर ते येतात. तेव्हा जे आलेले आहेत ते वापरले नाहीत, तर तो आकांत फुकट गेला म्हणावयाचे.

तर आता हे नियम कोणते ते सांगते. ज्यांच्यापाशी वही-पेन्सिल आहे त्यांनी टिपून घ्यावे.

वरच्या चारही कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल, आकड्यासह, फुकट मागता येतो. शिकलेल्या मुला-मुलीकडून मोबाइलवर तो काढवून घ्यावा. आपला अहवाल कोणी पाहिला तर कंपनीने आपल्या मोबाइलवर तसा संदेश पाठवला पाहिजे. म्हणून बँकेत आपला चालू नंबरच लिहून द्यावा, भाच्याचा वा दलालाचा देऊ नये. 'पाचशे रुपये द्या, सिबिल वाढवून देतो' असे म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम करावा. आकडा हप्त्यांनी वाढतो, दलालीने वाढत नाही.

चूक आढळली तर कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. न लागला तर त्यापुढील दर दिवसाला १०० रुपये भरपाई आपल्याला देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

अहवालावरून कर्ज नाकारले तर बँकेने कारण लेखी द्यावयाचे असते आणि त्या अहवालाची प्रतही द्यावयाची असते. नुसते 'सिस्टीम घेत नाही' हे कारण नव्हे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला, पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणाने नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटले आहे. अमुक आकडा असल्यावाचून कर्ज द्यावयाचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही, हे अर्थखात्याने २०२५ साली संसदेतही सांगितले. पीककर्जासाठी शेतकऱ्याला सिबिलची अट घालू नका, अशी तंबी त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या मुख्यमंत्र्यांनी बँकांना दिली. आणि बचत गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागता येत नाही.

ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे त्याला विनातारण दिलेले कर्ज हे सूक्ष्म कर्ज. त्यात घरातील सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. घरात महिन्याला बारा हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून सहा हजारांच्या आत. हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याचीही आहे. कर्जाचे कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. विमा गळ्यात मारता येत नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना छळणे, नावे जाहीर करणे, हे सर्व निषिद्ध आहे.

व्याजाविषयी एक हिशेब सांगते. कोणी म्हणाला, 'तीस हजार घ्या, व्याज फक्त बारा टक्के, वर्षभर महिना दोन हजार आठशे भरा.' एकंदर ३३,६०० होतात, व्याज ३,६०० च दिसते. पण मुद्दल तर दर महिन्याला आपण परत करीत असतो. सरासरीने पाहिले तर वर्षभर आपल्या हाती सोळा हजारांच्या आसपासच रक्कम असते. म्हणजे खरे व्याज पडले साडेएकवीस टक्क्यांच्या घरात. ही लपवाछपवी होऊ नये म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाबरोबर मुख्य तपशिलाचा कागद देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तेवढी एक ओळ तरी वाचावी, वाचता येत नसेल तर वाचवून घ्यावी. घराचे वा जमिनीचे कागद तारण ठेवले असतील तर कर्ज फिटल्यावर ते तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. दोष देणाऱ्याचा असेल तर पुढील दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

गावच्या सावकाराला निराळा कायदा आहे, महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ चा. त्याखाली सरकारने ठरवलेला दर शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ व बिनतारणीवर १२ टक्के, इतरांना १५ व १८ टक्के असा आहे. महिन्याच्या भाषेत १८ टक्के म्हणजे शेकडा दीड रुपया. आपल्याकडे शेकडा पाच सर्रास चालतो, तो वर्षाला साठ टक्के होतो! परवान्याशिवाय सावकारी करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि सावकारीत गिळलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ती परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या पतपुरवठा कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे. त्यांच्याविरुद्धची तक्रार आधी त्या कंपनीकडे आणि तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तेथे अर्ज फुकट आहे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक लिहून घ्या.

इतके नियम आहेत, मग सारे ठीकच आहे काय? नाही. आकड्याला हप्ता चुकलेला दिसतो, पण अवकाळी पावसाने खळ्यावरचे भात भिजले ते दिसत नाही. बाई बाळंतपणात होती, घरातला माणूस ठाण्याच्या इस्पितळात होता, हे दिसत नाही. कातकरी भगिनी वर्षानुवर्षे अंगमेहनतीने बयाणा फेडतात, त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या वहीत नाही. जिने आयुष्यभर कर्ज फेडले तीच बँकेच्या लेखी कोरी! हे उणेपण कायद्याने भरून काढावयाचे आहे, आणि ते आपण बोलल्याशिवाय भरून निघणार नाही.

आणि एक गोष्ट घरची आहे, ती सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगते. एखादीचा हप्ता राहिला तर इतरजणी तिच्या दाराशी बसून राहतात, चार माणसांत तिला बोलतात, असे अलीकडे गटागटांतून ऐकू येते. जी गोष्ट वसुलीच्या माणसाला करावयाची बंदी आहे, ती आपण मैत्रिणींनी एकमेकींना करावी काय? तिला का जमले नाही हे आधी विचारावे. जमण्यासारखे असेल तर हप्ता पुढे मागून घेण्यास तिच्याबरोबर जावे. जामीन राहणे याचा खरा अर्थ पाठीशी उभे राहणे असा आहे.

या मंडळापुढे मी तीन लहानशा सूचना ठेवते. पहिली, दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास एक दुपार ठेवावी आणि त्या दुपारी प्रत्येक सभासदेचा पतअहवाल काढून तिचा तिला समजावून द्यावा. चारचौघींत वाचून दाखवू नये. तो तिचा खाजगी कागद आहे. दुसरी, मंडळाच्या कपाटात प्रत्येकीच्या नावाची एक पिशवी असावी, आणि तिच्यात कर्जाचे कार्ड, पावत्या, कर्ज फिटल्याचा दाखला यांची एकेक प्रत राहावी. घर गळते, उंदीर कुरतडतात, आणि गरज पडते तेव्हा नेमका तोच कागद सापडत नाही. तिसरी, आपल्यातील शिकलेल्या दोन मुलींनी तक्रारअर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. वीटभट्टीवर जाणाऱ्या भगिनींनाही एक दोन आण्यांची, म्हणजे आताच्या दहा रुपयांची वही द्यावी. किती बयाणा घेतला, किती दिवस काम केले, किती विटा पाडल्या, हे त्यांच्या घरातल्या शाळकरी पोराने रोज लिहावे. शेठची वही शेठपाशी असू दे, आपली आपल्यापाशी हवी.

१८७५ च्या शेतकऱ्यांना वही जाळावी लागली, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती. आपल्या मुली आज शहापूरच्या कॉलेजात जातात. आपल्याला जाळपोळ नको, अंगठाही नको. आपल्याला वही वाचावयाची आहे, आणि चुकीच्या ओळीवर बोट ठेवून 'हे दुरुस्त करा' असे नीट, लेखी, सहीनिशी सांगावयाचे आहे.